बाळंतिणीचं पथ्य: काय ठेवायचं, काय सोडायचं?

मंडळी, आपल्या इंदिरानगरात आता डिंकाचे, अळिवाचे लाडू तयार पाकिटात मिळतात. बाज गेली, शेगडी गेली, बाळंतपण दवाखान्यात गेलं. पण "पाणी कमी पी, पालेभाजी नको, आंबट तर बघूही नको" हे घरोघरी अजून तसंच आहे. हे आलं कुठून?

आयुर्वेदात बाळंतिणीला 'सूतिका' म्हणतात. काश्यपसंहितेत तिच्या आहाराचा वेगळा विचार आहे. प्रसूतीनंतर वात वाढतो, अग्नी मंदावतो, म्हणून तूप, सुंठ, गरम पेज. आनंदीबाई जोशींनी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरकीसाठी प्रबंध लिहिला, तोही प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. त्यांचं स्वतःचं बाळ दहाच दिवसांत गेलं होतं.

पथ्यामागे त्या काळाचं गणित होतं. पाणी नदीचं नाहीतर आडाचं. गोदाकाठी सिंहस्थ आला की पटकीची धास्ती. अशा वेळी कच्चं टाळणं, ओवा-बाळंतशेपा घालून उकळलेलं पाणी देणं हे शहाणपणच होतं. शिवाय एरवी सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला या सव्वा महिन्यात तरी तुपातला लाडू हक्काने मिळायचा. परंपरेतलं मोलाचं काय असेल तर हे.

पण आज? आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, मग तिलाच तहानलेली ठेवून कसं चालेल? अळिवात लोह आहे, पण ते अंगी लागायला लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व मदत करतं, आणि नेमकं आंबटच बंद! लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या "उष्ण पडतात" म्हणून फडताळात पडून राहतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं.

आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांत २०१५ च्या अमृत आहार योजनेतून स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. त्यात डाळ, भात, पालेभाजी, अंडं किंवा केळं असतं. म्हणजे घरी जे वर्ज्य, त्यातलं बरंच काही तिथे ताटात!

तेव्हा लाडू ठेवा, तूप बेताने ठेवा. उकळलेलं पाणीही ठेवा, फक्त पोटभर द्या. वरण, पालेभाजी, लिंबू ताटात परत आणा. गोळ्या बंद करायच्या का, हे शेजारणीला नाही, डॉक्टरांना विचारा. आणि सव्वा महिना सरल्यावरही तिला शेवटी जेवायला बसवू नका.

तुमच्या घरी काय पथ्य होतं? कमेंटमध्ये लिहा.