वादळात नौकेला आवरताना

शिडे उतरवली तरी वादळात नौका थांबत नाही. उघड्या डोलकाठीवर वारा बसतोच आणि लाटेच्या उतारावरून ती घसरत जाते. वेग हाताबाहेर गेला की सुकाणू ऐकत नाही, नौका आडवी होते आणि मागून फुटणारी लाट तिला लोळवते. म्हणून पाण्यात काहीतरी सोडून तिला ओढून धरायचे. जाड दोर, कॅनव्हासचा शंकू, नायलॉनचे पॅराशूट अशी साधने बदलत गेली, तत्त्व तेच राहिले. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणजे नौका सावकाश असताना साधन फारसे आड येत नाही आणि ती पळू लागली की आवळते.

नवा वाचक पहिल्यांदा विचारतो, यातले उत्तम साधन कोणते? मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. खरा वाद लाटेला नौकेचे कोणते टोक द्यायचे, याचा आहे. नाळेवरून सोडलेल्या साधनाला सी-अँकर म्हणतात. नौका लाटांकडे तोंड करून जवळपास जागीच राहते. मागून सोडलेल्या साधनाला ड्रोग म्हणतात; नौका वाऱ्याबरोबरच जाते, पण आवरलेल्या वेगाने.

पहिल्या पक्षाचा जुना पुरस्कर्ता कॅप्टन जॉन व्हॉस. १९०१ साली तो कॅनडातल्या व्हिक्टोरियाहून ‘टिलिकम’ नावाची, लाकूड कोरून केलेली होडी घेऊन निघाला आणि १९०४ मध्ये इंग्लंडला पोहोचला. सी-अँकरवर त्याची श्रद्धाच होती. उलट बर्नार्ड मोइतेसिएने १९६५-६६ च्या केप हॉर्न प्रवासात ‘जोशुआ’च्या मागे सोडलेले वजनदार दोर चक्क कापून टाकले. दोरांनी जखडलेली नौका सुकाणूला साथ देत नव्हती. मोकळी झाल्यावर ती लाटा थोड्या तिरक्या घेत निभावली. आणि मुंबईत बांधलेली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची सागवानी ‘सुहेली’? १९६८-६९ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत दक्षिण महासागरात तिने मागे दोर सोडूनच वादळे काढली. तिघेही जाणते, तिघेही तरले. कोणाला खोटे पाडायचे?

ही कोंडी अनुभवकथनांनी सुटणारी नव्हती. ऑगस्ट १९७९ मध्ये फास्टनेट शर्यतीतल्या ३०३ नौकांना वादळाने गाठले, १५ स्पर्धक दगावले, आणि प्रश्न अभियंत्यांच्या टेबलावर आला. विमान अभियांत्रिकीतून आलेल्या डोनाल्ड जॉर्डन यांनी प्रतिकृतींवर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९८७ साली अमेरिकी तटरक्षक दलाच्या अहवालात आले. त्यांचा मुद्दा मार्मिक होता. लाटेत पाणीही फिरत असते: माथ्यावर लाटेच्या दिशेने, खळग्यात उलट. त्यामुळे एकटा ड्रोग भलत्या जागी सापडला तर दोर सैल पडतो, नेमका नौकेवर लाट फुटण्याच्या वेळी. जॉर्डन यांनी एका लांब दोरावर शंभराच्या आसपास छोटे कापडी शंकू ओवले आणि टोकाला वजन बांधले. दोर सैलावला की वजन तो खाली नेते. धक्का बसताच बरेच शंकू एकदम पाणी धरतात. ओढ हळूहळू वाढते, हिसका बसत नाही.

आजच्या हलक्या, रुंद नौकांसाठी मला हीच मांडणी सर्वांत पटते. पण तिची किंमत आहे. मागून येणारे पाणी कॉकपिटवर आदळते, दोर बांधायच्या जागा नौकेच्या अंगातच भक्कम लागतात आणि वादळ ओसरल्यावर सारी माळ वर ओढताना हात भरून येतात. सी-अँकरवाल्यांचीही दुखणी आहेत: नौका मागे रेटली गेली की पहिला घाव सुकाणूवर बसतो. दोर घासून तुटण्याचा धोका तर दोन्हीकडे. लिन आणि लॅरी पार्डी या नाविक दांपत्याने सी-अँकर आणि तिरकी उभी केलेली नौका यांचा मेळ घातला. तो लांब कण्याच्या जुन्या नौकांना अधिक मानवतो, असे माझे मत.

या विषयाचा बराचसा पुरावा वाचलेल्यांनी लिहिला आहे; बुडालेल्यांची बाजू त्यात नाही. म्हणून वाचकाला एकच विनंती: कोणताही वृत्तांत हाती घेतला की आधी नौकेची लांबी, वजन, कण्याचा आकार आणि दोराची लांबी शोधा. ही माहिती नसेल, तर त्यातला सल्ला कितीही ठाम असला तरी बाजूला ठेवा.