अक्षरांची भूक

अमेरिकेच्या दक्षिणेकडील काही राज्यांत गुलामाला लिहावाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. १८६५ साली गुलामगिरी संपली. मुक्त झालेल्यांजवळ जमीन नव्हती, पैसा नव्हता. तरीही रात्रीच्या शाळांत म्हातारी माणसे लहान मुलांच्या शेजारी बसून अक्षरे गिरवू लागली. गुलाम म्हणून जन्मलेला बुकर वॉशिंग्टन मिठाच्या भट्टीवर राबला. १८७२ साली सुमारे ५०० मैलांचा प्रवास, बराचसा पायी, करून तो हॅम्प्टनच्या शाळेत पोचला. १८८१ साली टस्कीगीच्या शाळेचा प्रमुख झाला. तेथील विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती उभारल्या. पुढे या समाजाचा मताचा हक्क हिरावला गेला. शिकलेली अक्षरे मात्र कोणालाही हिरावता आली नाहीत. गरिबीपायी मुलामुलींना शाळेतून काढण्यापूर्वी, पालकहो, एवढे जरूर आठवा.