कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अस्मिता : क्रॉस यांच्या पाच पायऱ्या आणि आपण

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ विल्यम क्रॉस यांनी १९७१ साली एक लेख लिहिला. 'निग्रो' म्हणून हिणवला गेलेला माणूस स्वतःला अभिमानाने 'ब्लॅक' कसा म्हणू लागतो, हा त्याचा विषय. या बदलासाठी त्यांनी शीर्षकातच 'कन्व्हर्जन', म्हणजे धर्मांतर, हा शब्द योजला. १४ ऑक्टोबर १९५६ चा वारसा सांगणाऱ्या आपल्याला तो शब्द परका नाही.

त्यांनी सांगितलेल्या पायऱ्या थोडक्यात :

१) पूर्वावस्था : वंशाचा प्रश्न आपल्यापुरता महत्त्वाचा वाटत नाही. गोऱ्यांचे तेच चांगले, असे वाटते.

२) आघात : एखादा अपमान किंवा घटना हा समज मोडते. १९६८ मधील मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या अनेकांसाठी असा आघात ठरली.

३) झोकून देणे : आपला इतिहास, आपली माणसे हेच सर्वस्व होते. गोऱ्यांविषयी राग असतो, पुढे तो ओसरतो.

४) आत्मसात करणे : स्वतःविषयी खात्री येते, इतरांशी मोकळेपणा येतो.

५) बांधिलकी : समाजासाठी सातत्याने काम सुरू होते.

पहिल्या पायरीवरचा प्रत्येक जण स्वतःचा द्वेषच करत असतो असे नाही, ही दुरुस्ती क्रॉस यांनीच १९९१ च्या 'शेड्स ऑफ ब्लॅक' या पुस्तकात केली.

ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हापासून हे नाते जुनेच आहे. फरकही आहे. कातडीचा रंग लपत नाही, जात लपवता येते. पनवेलहून लोकलने मुंबईच्या कॉलेजात जाणारा मुलगा आडनाव सांगायचे टाळतो, शिष्यवृत्तीचा अर्ज मित्रांच्या नकळत भरतो. एक दिवस कुणीतरी 'कोट्यातला' म्हणते. आघात होतो, आणि लपवल्यामुळे तो एकटा असतो. २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, तेव्हा अनेक विद्यार्थी पहिल्यांदा जातीविषयी उघड बोलू लागले.

म्हणून कार्यकर्त्यांनी लपवणाऱ्याला भित्रा म्हणू नये, चिडलेल्याला शांत बस म्हणून गप्प करू नये. दोघेही वाटेवर आहेत. आपल्याकडे विहार आहे, बाबासाहेबांचे ग्रंथ आहेत, 'बौद्ध' हे स्वतः स्वीकारलेले नाव आहे. आघाताच्या दिवशी त्या मुलाला फोन करता येईल असे एक माणूस हवे. ते आपण व्हावे.