मेजावरचे देह, नळीतील पेशी

नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर, म्हसरूळच्या शिवारात, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभे आहे. १९९८ साली ते स्थापन झाले आणि राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्राचे संशोधन करणाऱ्यांना डॉक्टरेट देण्याचे काम या शहराकडे आले. घरातला मुलगा किंवा मुलगी या वाटेला लागली की वडीलधारी मंडळी आम्हांला हमखास विचारतात : मृतदेह फाडणे ख्रिस्तसभेला कसे चालते? पूर्वी परमगुरूंनी त्याला बंदी केली होती ना?

१२९९ मध्ये परमगुरू आठवे बोनिफेस यांनी एक आज्ञापत्र काढले, हे खरे. परमुलखात मरण पावलेल्या सरदारांचे देह कापून, उकळून, नुसती हाडे मायदेशी नेण्याची रीत त्या काळी पडली होती. बंदी होती ती या रीतीवर. काहींनी तिचा अर्थ ओढूनताणून विच्छेदनापर्यंत नेला. तरीही १३१६ च्या सुमारास बोलोन्या येथे मोंदिनो प्रेतांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना शिकवीत होता आणि त्यावर ग्रंथ लिहीत होता. निकोलस स्टेनोचे नाव तर प्रत्येक सेमिनरीत सांगितले जावे. गालातील लाळग्रंथीची नलिका त्याने शोधली. हृदय हा एक स्नायू आहे, हे दाखवून दिले. हाच शास्त्रज्ञ १६६७ मध्ये कॅथलिक झाला, १६७५ मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली, दोन वर्षांनी तो बिशप झाला आणि १९८८ साली परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित घोषित केले.

तेव्हा बंदीची शंका मिटली. वडीलधाऱ्यांनी विचारावा असा दुसरा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. मेजावरचे ते देह होते कोणाचे?

इंग्लंडात १७५२ च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचे देह शल्यवैद्यांना मिळत. ते पुरेनात, म्हणून थडगी उकरून प्रेते विकली जाऊ लागली. एडिंबरा येथे १८२८ मध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी तर प्रेते विकण्यासाठी माणसे मारली. मग १८३२ चा कायदा आला. त्याने अनाथगृहांत व दवाखान्यांत मेलेल्या, कोणी न मागितलेल्या गरिबांचे देह विच्छेदनासाठी मोकळे केले. जी खुन्याची शिक्षा होती, ती निर्धनाच्या वाट्याला आली.

आपल्याकडे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. प्रेताचा स्पर्श म्हणजे विटाळ, असे मानणाऱ्या समाजातून आलेले तरुण तेथे विच्छेदन शिकले. १८५१ च्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग होते, तसेच गोव्याचे जुझे कामिलो लिस्बोआही होते. हे लिस्बोआ पुढे गवतांचे अभ्यासक म्हणून नावाजले. पुढे १९४९ मध्ये मुंबई राज्याने ॲनॉटमीचा कायदा केला. रुग्णालयात, तुरुंगात वा सार्वजनिक जागी मेलेल्या ज्या माणसाचा देह ठरावीक मुदतीत कोणी आप्त मागणार नाही, तो शिक्षणसंस्थेला देता यावा, हा त्याचा हेतू. स्वेच्छेने देह देण्याची सोय त्यात पुढे आली. हा कायदा आवश्यक होता, असेच आम्ही म्हणू. पण बेवारस म्हणजे प्रायः गरीब, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

त्याच १९४९ साली मुंबई विद्यापीठाने कमल रणदिवे यांना डॉक्टरेट दिली. पुण्याच्या समर्थांची ही मुलगी. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेली. तिने वैद्य व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. तिने पेशी निवडली. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्यांचे मार्गदर्शक. नंतर त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर पेशी जगविण्याची विद्या तेथे शिकायची होती. ऊतीचा लहानसा कण काचेच्या नळीत ठेवायचा, कोंबडीच्या रक्तद्रवाचा आणि नाळेतील रक्ताच्या लशीचा आहार द्यायचा, आणि अशा नळ्या एका पिंपावर बसवून संथपणे फिरवीत ठेवायच्या, म्हणजे पेशींना आळीपाळीने रस आणि हवा मिळते. एक जंतू शिरला की महिन्यांची मेहनत वाया. ही विद्या पुस्तकातून येत नाही. गुरूच्या शेजारी उभे राहून हाताने शिकावी लागते. सेमिनरीत घडलेल्या आम्हांला हे चटकन उमजते. परत येऊन रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या वाणांवर काम करून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध तपासला. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेतही त्या होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

बाल्टिमोरच्या त्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या तीस वर्षांच्या गरीब कृष्णवर्णीय मातेच्या गाठीतील पेशी आल्या. त्या आपोआप वाढत राहिल्या. मानवी पेशींची शरीराबाहेर अखंड वाढलेली ती पहिली मालिका. तिची संमती कोणी घेतली नव्हती. ती त्याच वर्षी वारली. पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या, पोलिओच्या लशीच्या चाचणीला उपयोगी पडल्या, आणि तिच्या कुटुंबाला दोन दशके त्याचा पत्ता नव्हता. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१० मध्ये. बेवारस देहाची गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा घडली, असे आम्हांला वाटते. आज संशोधकाला मानवी ऊती वापरण्यापूर्वी नीतिसमितीची मान्यता आणि दात्याची लेखी संमती मिळवावी लागते. संशोधनाच्या शिक्षणाचा तो आता भागच झाला आहे.

देह स्वतःहून देण्याबद्दलही आम्हांला विचारले जाते. १९९२ च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथाने शास्त्रीय संशोधनासाठी शवपरीक्षेला मुभा दिली आहे आणि मरणोत्तर अवयवदान पुण्यप्रद मानले आहे. अवशेषांना आदराने निरोप मिळावा, एवढी काळजी घ्यावी. ज्यांना देहदान करावयाचे आहे, त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरावा आणि घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे. कारण मृत्यूनंतर देह काही तासांतच पोहोचवावा लागतो आणि ऐनवेळी मुलांनी नकार दिला, तर अर्ज कागदावरच राहतो.