अनंत नेमके कुठे?

एप्रिल १९९७. हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. वांगणीच्या पुढे एका माळावर मी उसनी आणलेली लांब पल्ल्याची लेन्स, फिल्मचा कॅमेरा आणि दोन फळ्यांना बिजागरी लावून केलेला, हाताने फिरवायचा मंच घेऊन बसलो होतो. लेन्सवरचे कडे आडव्या आठाच्या चिन्हाकडे, पार अडेपर्यंत फिरवले. तारे अनंत अंतरावर, तेव्हा कडेही अनंतावर. यात विचार करण्यासारखे काही असेल असे वाटलेच नाही. आठ दिवसांनी रोल धुऊन आला. सगळ्या चौकटींत तारे मसुराच्या दाण्यांसारखे फुगलेले, आणि धूमकेतूचे डोके म्हणजे कापसाचा बोळा. तो धूमकेतू आता सुमारे अडीच हजार वर्षांनी परतेल.

कारण पुढे कळले. अशी लेन्स उष्णतेने आणि गारव्याने किंचित बदलते, म्हणून बनवणारे कड्याला खुणेच्या थोडे पुढे जाण्याची मोकळीक ठेवतात. मी अनंताच्या पलीकडे गेलो होतो! त्या रागापोटी जुनी पुस्तके चाळू लागलो, तर तिथे माझ्या चुकीपेक्षा मोठा पेच दिसला.

जुलै १८५० मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत विल्यम बाँड आणि छायाचित्रकार जॉन व्हिपल यांनी १५ इंची दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले. सूर्य वगळता ताऱ्याचे हे पहिलेच. पण ती दुर्बीण माणसाच्या डोळ्यासाठी घडवलेली होती. डोळ्याला पिवळा-हिरवा प्रकाश सर्वांत ठळक दिसतो, म्हणून भिंगे त्या रंगांचे किरण एका जागी आणतील अशी घासत. त्या काळच्या छायाचित्रणातले रसायन मात्र निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देई, आणि त्या किरणांचा संगम जरा वेगळ्या जागी होई. डोळ्याने तारा टाचणीच्या टोकाएवढा करून घ्यावा आणि छायाचित्रात तो पसरट उमटावा, असा हा प्रकार. डोळ्याचे अनंत एकीकडे, छायाचित्राचे दुसरीकडे.

यावर धीट उपाय केला न्यूयॉर्कच्या लुईस रदरफर्डने. हा गृहस्थ वकिली सोडून या नादाला लागलेला, म्हणून मला अंमळ जवळचा वाटतो. घराच्या बागेतल्या वेधशाळेत त्याने १८६४ मध्ये सव्वाअकरा इंची भिंग तयार केले, तेच मुळी रसायनाला भावणाऱ्या किरणांसाठी. रंग कुठे जुळतात हे त्याने वर्णपटदर्शकाने पारखले. या भिंगातून डोळ्याने पाहिले तर तारा धड दिसत नसे. पाहण्यासाठीच्या वस्तूतून पाहणेच काढून टाकायचे! १८६५ मधल्या त्याच्या चंद्राच्या छायाचित्राचे कौतुक सगळे करतात. माझ्या मते खरे धाडस त्या भिंगात आहे.

पॅरिसच्या पॉल आणि प्रॉस्पर हेन्री या भावांनी १८८५ मध्ये तोडगा काढला तो अगदी संसारी. एकाच नळकांड्यात दोन दुर्बिणी: ३३ सेंटिमीटरची काचेसाठी, २४ सेंटिमीटरची डोळ्यासाठी. एकीने टिपायचे, दुसरीने ताऱ्यावर नजर ठेवायची. १८८७ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि अशा दुर्बिणींनी साऱ्या आकाशाचा नकाशा करायचे ठरले. निरनिराळ्या देशांतल्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. मराठवाडा तेव्हा ज्या संस्थानात होता, त्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही पुढे यात भाग घेतला. उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा तिच्याकडे आला. वृश्चिकातला लालसर ज्येष्ठा आणि मृगाच्या पायांकडचा ससा याच उंचीच्या आसपासचे, हे मराठवाड्यातल्या आकाशप्रेमींना सांगितले की ते हरखतात.

आज कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते ते संवेदकावर पडलेलेच चित्र असते. टिपणारा आणि दाखवणारा एकच. म्हणून मी खुणेकडे बघतच नाही. व्याधासारखा तेजस्वी तारा पडद्यावर दहापट मोठा करतो, कडे पुढे-मागे करत तो लहानात लहान होईल तिथे थांबतो, आणि कड्यावर चिकटपट्टी लावतो. मध्यरात्री दव पडून हवा गार झाली, की पट्टी काढून पुन्हा पाहावे लागते.