नावाआधीची सात वर्षे

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात गाणाऱ्या यशवंतपुरातील मुलांना लताबाई मंगेशकरांची कीर्ती ठाऊक आहे. त्या कीर्तीपूर्वीची सात वर्षे मात्र फारशी कोणी सांगत नाही. या सुवर्णमहोत्सवी अंकात आम्ही तीच सांगू इच्छितो.

मास्टर विनायकांच्या १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ने मराठी बोलपटात हसू आणि गाणे एकत्र नांदविले. त्याच बोलपटांनी संगीत नाटकमंडळ्यांना उतरती कळा आणली. बलवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ त्या पडझडीत सापडले. १९४२ साली त्यांच्या थोरल्या मुलीचे एक गाणे वसंत जोगळेकरांच्या ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित झाले. पण चित्रपटात ते ठेवले गेले नाही. त्याच वर्षी २४ एप्रिलला दीनानाथ निवर्तले. मागे पाच भावंडे. थोरली अवघी बारा वर्षांची. आता प्रश्न नावाचा उरला नव्हता, चरितार्थाचा होता.

कुटुंबाचे स्नेही असलेले विनायक मदतीस धावले. ‘पहिली मंगळागौर’मध्ये लताबाईंना छोटी भूमिका व गाणे मिळाले. १९४३ च्या ‘माझं बाळ’मध्ये आशाबाईंचा स्वर प्रथम चित्रपटात उमटला. लताबाईंना तोंडाला रंग लावणे मनापासून नकोसे वाटे. तरी घरासाठी त्यांनी ते केले. १९४५ साली विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्सबरोबर त्या मुंबईस आल्या. तेथे पोटापाण्याची धावपळ चालू असतानाही अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे त्यांनी शास्त्रोक्त तालीम सुरू केली. ज्यांच्या चित्रपटातून पहिले गाणे गळले होते, त्याच जोगळेकरांच्या ‘आप की सेवा में’ने त्यांना हिंदी पार्श्वगायनाची वाट दिली. १९४७ साली विनायकही गेले.

१९४९ च्या ‘महल’मधील गाण्याने देश वेडावला, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ते पडद्यावरील पात्राचे नाव : कामिनी! हा आवाज कोणाचा, अशी विचारणा श्रोत्यांनी आकाशवाणीकडे केली, आणि मग खरे नाव घरोघर पोहोचले. पुढे १९६७ साली ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ या चित्रपटातून तो स्वर आपल्या या कानडी मुलखातही आला.

आज आपली मुले चार गाणी बसवून दूरचित्रवाणीच्या स्पर्धांकडे डोळे लावतात. त्यांच्या हौसेला आमचा विरोध नाही. पालकांना एवढेच विनवावेसे वाटते, की स्पर्धेच्या अर्जाआधी गुरूचे घर शोधावे. नावावाचून सात वर्षे गाणे टिकले, ते तालमीच्या बळावर.