प्रवाळ-मत्स्यालयांतील नीलहरित शैवल : एका उपद्रवाचा इतिहास

खाऱ्या पाण्याच्या काचकुंडात प्रवाळ जगविण्याचा प्रयत्न करणाऱ्यांस एक उपद्रव हटकून भोगावा लागतो. तळाच्या वाळूवर प्रथम एखादा तांबूस-जांभळा डाग दिसतो. थोड्याच दिवसांत त्याची मखमली चादर होते, ती खडक व्यापते आणि अखेर प्रवाळांच्या अंगावर चढून त्यांस गुदमरविते. भर प्रकाशात ह्या थरात प्राणवायूचे बुडबुडे अडकून राहतात. नळीने ओढला असता तो सहज निघतो आणि तितक्याच सहजपणे पुन्हा उगवतो. शास्त्रीय ग्रंथांनी ह्या जीवांस दीर्घकाळ नीलहरित शैवल म्हटले. काचकुंडातील थर तर बहुधा लाल! फायकोएरिथ्रिन ह्या रंगद्रव्याच्या आधिक्याने हा लाल रंग येतो. तांबड्या समुद्राचे नावही ह्याच वर्गातील ट्रायकोडेस्मियमच्या तवंगावरून पडले असावे, असा एक तर्क आहे; एरेनबर्गने १८३० मध्ये त्याचे वर्णन केले ते तेथील पाण्यावरूनच.

ह्या उपद्रवाच्या निवारणाचा इतिहास पाहू गेल्यास त्यात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आढळतात. हा जीव कोण, हा पहिला. आणि तो कशावर पोसतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाल्यावर त्यास मारणारे औषध हाती आले. दुसऱ्याकडे मात्र आरंभीच्या काळात फारसे कोणी पाहिलेच नाही, आणि त्याचे कारण मत्स्यालयाच्या मूळ कल्पनेतच दडलेले आहे.

१८४६ मध्ये ॲना थिन ह्या इंग्रज स्त्रीने टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. ताजे समुद्रजल दररोज मिळणे अशक्य असल्याने तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून हवेशीर करण्याचा तिने परिपाठ ठेवला; पुढे १८४७ मध्ये समुद्रवनस्पतीही त्यात ठेवल्या. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातील मासे, वनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. वनस्पतींनी प्राणवायू द्यावा, प्राण्यांनी कर्बवायू द्यावा, कुजकी पाने गोगलगायींनी खावी. असा त्याचा तोल होता. फिलिप हेन्री गॉस याने १८५४ मधील आपल्या ग्रंथाने हीच कल्पना समुद्रजीवांच्या संदर्भात लोकप्रिय केली.

ही कल्पना मोहक होती, पण तिचा जमाखर्च मुख्यतः वायूंपुरता होता. माशांस घातलेल्या अन्नाबरोबर नत्र व फॉस्फरस भांड्यात येतात, आणि झाकलेल्या भांड्यातून ते आपोआप बाहेर जात नाहीत. काच हिरवी झाली की तीवर गोगलगायी सोडाव्यात, हा त्या काळचा उपाय. गोगलगायी शैवल खातात हे खरे. परंतु खाल्लेले पुन्हा पाण्यातच टाकतात.

विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने ह्याहून वेगळा मार्ग धरला. हँबर्ग (१८६४) व लंडनचा क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील सार्वजनिक मत्स्यालयांच्या रचनेत त्याने प्रदर्शनाच्या टाक्यांखाली त्यांहून कितीतरी मोठा काळोखी जलाशय ठेवला व पाणी सतत फिरते ठेवले. पाणी थंड व स्वच्छ राहिले. प्रकाश आवरल्याने शैवलही आवरले. लॉइडच्या काळी हा उपाय पुरेसा होता, कारण थिनबाईंच्या प्रवाळांप्रमाणे इंग्लंडच्या किनाऱ्यावरील एकाकी प्रवाळांस प्रकाशाची गरज नव्हती. उष्ण कटिबंधातील खडक बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात व त्यांनी सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नावर प्रवाळ जगतात. त्यांच्यासाठी दिवे प्रखर केले की नको असलेल्या थरासही तोच प्रकाश मिळतो. लॉइडचा काळोख येथे कामाचा नाही. प्रवाळपालनाची खरी अडचण इथूनच सुरू होते.

जाकार्ता येथील ली चिन एंग याने १९६१ मध्ये आपल्या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले जीवयुक्त खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, एवढीच त्याची सामग्री. ह्या खडकांच्या अंतर्भागात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, काही जंतू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात. पुढे बर्लिन येथील पालकांनी अशा खडकांस फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. सेंद्रिय मल कुजण्यापूर्वीच फेसाबरोबर बाहेर पडू लागला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर ॲडी याने याच्या उलट युक्ती योजिली. १९८० मध्ये खुल्या झालेल्या तेथील प्रवाळ-प्रदर्शनात त्याने वेगळ्या जाळीवर दिव्याखाली मुद्दाम शैवल वाढविले व ते वेळोवेळी खरवडून टाकले. साधने भिन्न असली तरी ह्या दोन्ही पद्धतींत काही तरी प्रत्यक्ष भांड्याबाहेर टाकले जाते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दरम्यान पहिल्या प्रश्नाचा निकाल वनस्पतिशास्त्राच्या प्रांगणाबाहेर लागत होता. फर्डिनांड कोन याने एकोणिसाव्या शतकातच हे जीव जंतूंच्या जवळचे असल्याचे ओळखले होते. तथापि त्यांचा अभ्यास शैवलशास्त्रज्ञांकडेच राहिला. देशिकाचारी यांचा १९५९ मधील बृहद्ग्रंथ त्या परंपरेतील एक भरीव कृती होय. १९६२ मध्ये स्टॅनियर व व्हॅन नील यांनी जंतूची व्याख्या पेशीरचनेवरून केली. ह्या जीवांच्या पेशींत केंद्रकास आवरण नाही, म्हणून ते जंतूच ठरतात. १९७८ मध्ये स्टॅनियर व त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचे नामकरण जंतुशास्त्राच्या नियमांखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला.

नावाच्या ह्या बदलाचे पालकांच्या दृष्टीने महत्त्व मोठे होते. जे जंतू आहेत त्यांवर जंतुघ्न औषध चालावयास हवे. एरिथ्रोमायसिन हे औषध जंतूंच्या प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेस बांधले जाते, तर मासे व प्रवाळ यांच्या पेशींतील ती यंत्रणा भिन्न असते. त्यामुळे लाल थर काही दिवसांत विरतो. मात्र मेलेला थर कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि थरात बांधला गेलेला नत्र व फॉस्फरस पाण्यात परत येतो. प्राणवायूची तजवीज न करता औषध घातल्यास माशांचा जीव धोक्यात येतो; आणि पोषण तसेच राहिल्याने थरही परततो. औषध निष्फळ आहे असे नव्हे. ते चुकीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी पालकांनी रेडफिल्डचा आधार घेतला. सागरी प्लवकांत नत्र व फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण सरासरी १६ : १ असते, हे त्याचे निरीक्षण. नत्र वायुरूपाने निसटतो, फॉस्फरस निसटत नाही. म्हणून जुन्या कुंडात हे प्रमाण घटते व हवेतील नत्र बांधू शकणाऱ्या जीवांचे फावते, असा युक्तिवाद केला जातो. तो आकर्षक आहे, परंतु त्यावर सर्व भार टाकता येत नाही. सागराची सरासरी ही एखाद्या कुंडाची कसोटी नव्हे, आणि थर धरणाऱ्या सर्वच जाती नत्र बांधणाऱ्या नसतात. शिवाय चुनखडीचे खडक व वाळू फॉस्फेट शोषून ठेवतात व नंतर हळूहळू सोडतात. पाण्याच्या परीक्षेत फॉस्फेट नगण्य दिसत असता वाळूवरील थर मात्र फोफावतो, तो ह्यामुळे.

म्हणून आता बरेच पालक थर रोज ओढून काढतात, साचलेला गाळ हलवितात, प्रवाहाची दिशा बदलून वाळूवरील निवांत कोपरे नाहीसे करतात. जोडीस सुमारे तीन दिवस दिवे पूर्ण बंद ठेवण्याची प्रथाही रूढ आहे. एवढा अंधार निरोगी प्रवाळ सामान्यतः सोसतात. मात्र अंधारापूर्वी थर ओढून काढला नाही तर तोही तेथेच मरून कुजतो.